पंडिता रमाबाई आणि केडगावची जमीन

दसरा उलटला की आपल्या बीड जिल्ह्यातील खेडी रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणी या भागांतून ट्रक, ट्रॅक्टर व बैलगाड्या भरून माणसे ऊसतोडीस जातात, ती उन्हाळा लागल्यावर परत येतात. ज्या गावांत आपल्या मंडळ्या आहेत, तेथे या दिवसांत रविवारच्या उपासनेस म्हातारी माणसे व लहान मुले एवढीच दिसतात, हे आपले पाळक व उपदेशक बंधू जाणतातच. या धंद्यात नवरा व बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हाती येते, व हिशेबही त्याच्याच नावे लिहिला जातो. बायको त्याच्या बरोबरीने पहाटेपासून फडात वाकते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते, आणि खोपीवर परतल्यावर चूलही तीच पेटविते. तथापि हिशेबाच्या वहीत तिचे नाव नसते. गावी दोन एकर जिराईत असली तर तिच्या सातबाऱ्यावरही बहुधा ते नसते. पती मरण पावला किंवा त्याने टाकून दिले, म्हणजे काल जी शेतकरीण होती ती आज परक्याच्या बांधावरची मजूर होते.

आपल्यापैकी जी कुटुंबे पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्याच्या बाजूस ऊस तोडावयास जातात, त्यांस पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव स्टेशन ठाऊक असेल. त्या स्टेशनाजवळ पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंच्या विद्वत्तेविषयी व भक्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्ही त्यांचे चरित्र शेताच्या बांधावर उभे राहून सांगू इच्छितो. कारण जमीन, अंगमेहनत व स्त्रीचे नाव या तीन गोष्टींचा त्यांच्या आयुष्याशी जेवढा संबंध आला, तेवढा त्या काळच्या थोड्याच विदुषींच्या आयुष्याशी आला असेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यात, कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून संस्कृतचे मोठे पंडित होते. त्या काळी स्त्रीस संस्कृत शिकविणे पाप समजत. शास्त्रीबोवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ते शिकविले, म्हणून त्यांस धर्मसभेपुढे उभे राहून आपली बाजू शास्त्राधारे मांडावी लागली. पुढे ते अरण्यात जाऊन राहिले. त्या ठिकाणी यात्रेकरू व विद्यार्थी यांची सदैव गर्दी असे. आलेल्यास विन्मुख पाठवावयाचे नाही असा त्यांचा बाणा होता. काही वर्षांत सर्व मिळकत त्यातच सरली आणि डोक्यावर कर्ज झाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असता कुटुंबाने घर सोडले, व तान्ह्या मुलीस टोपलीत घालून मजुराच्या डोक्यावर देऊन ते तीर्थयात्रेस निघाले. तेव्हापासून या कुटुंबास स्वतःची म्हणावी अशी जमीन राहिली नाही.

पुराणे सांगावी व त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम पुष्कळ वर्षे चालला. आईने रमाबाईंस संस्कृत शिकविले. भागवतासारखा ग्रंथ त्यांस मुखोद्गत झाला. परंतु दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या विद्येचे मोल कोणी देईना. भांडी गेली, होते ते किडूकमिडूक गेले, आणि शेवटी रानातील पाला खाण्याची पाळी आली. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात धरावी. त्या कुटुंबात धडधाकट माणसे होती, परंतु मोलमजुरी करणे आपल्या जातीस कमीपणाचे, असे त्यांस लहानपणापासून शिकविलेले होते. शिवाय कोणते काम कसे करावे हेही कोणास येत नव्हते. रमाबाईंनी उत्तरवयात हा अभिमान स्वतः कबूल केला आहे. अखेर भावाने तो सोडून मजुरी करण्याचे मनात आणले, परंतु तोपर्यंत वेळ टळली होती. १८७४ साली पिता मरण पावले. थोड्याच महिन्यांत माता व वडील बहीण याही उपासमारीने गेल्या. मातेच्या तिरडीस खांदा देण्यास चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण पुढे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या ठिकाणी रमाबाई. त्या ठेंगण्या असल्यामुळे त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला.

दोघे बहीणभाऊ त्यानंतर देशभर पायी हिंडले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरूण नसल्यामुळे वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली, आणि पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. ज्या मुलीस चार वर्षांपूर्वी मूठभर धान्य मिळत नव्हते, तिची कीर्ती आता सर्व बंगालभर पसरली. परंतु १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच साली रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नसल्यामुळे दोन्हीकडच्या आप्तांनी संबंध तोडले. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली, व १८८२ च्या आरंभी पतीस पटकीने नेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर मूल होते; माहेर नव्हते आणि सासरही नव्हते.

त्या काळी विधवेची मिळकतीविषयी स्थिती कशी होती, हे आजच्या वाचकांस थोडक्यात सांगणे अवश्य आहे. एकत्र हिंदू कुटुंबातील विधवेस जमिनीत वाटा नसे, केवळ अन्नवस्त्र मिळे, आणि तेही दिराच्या मर्जीवर. पती विभक्त असून पुत्र नसला, तर मिळकत तिच्याकडे येई, पण ती हयातीपुरती. १८५६ च्या कायद्याने विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक दिली खरी, परंतु पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क त्याच कायद्याने संपत असे. सारांश, विधवा म्हणजे दुसऱ्याच्या घरात राबणारी परंतु जिचे काहीच नाही अशी बाई, असेच बहुधा समजले जाई. रमाबाईंनी ही स्थिती पुस्तकातून जाणली नाही, ती स्वतः भोगली.

१८८२ साली त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षकांची व स्त्री डॉक्टरांची मागणी केली. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. वॉंटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्यांचे वास्तव्य होते. त्या भगिनी लंडनात पतित स्त्रियांस जवळ करून त्यांस नवे जीवन देत, ते पाहून रमाबाईंचे अंतःकरण हलले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व लहान मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यामुळे मोठा क्षोभ झाला. त्या वेळी त्यांची बाजू घेणारे थोडे होते, त्यांत जोतीराव फुले हे एक होत. शेतकऱ्यांची दैना १८८३ साली लिहून काढणाऱ्या या पुरुषाने १८८५ साली सत्सार या पुस्तिकेत रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले. ते स्वतः ख्रिस्ती नव्हते, म्हणून त्यांच्या शब्दास अधिक वजन होते.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी शाळा व कारखाने पाहिले, व्याख्याने दिली, आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी १८८७ साली इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. तेथील मित्रमंडळींनी संस्था स्थापून हिंदुस्थानातील विधवांच्या शाळेस दहा वर्षे पैसा पुरविण्याचे वचन दिले. तदनुसार ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आणण्यात आले. प्रारंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई या बालविधवा होत्या. त्यांचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, हे सर्वश्रुत आहे. त्याच साली शारदा सदनात ख्रिस्ती धर्माचा प्रसार होतो असा आरोप होऊन वर्तमानपत्रांत वादळ उठले. रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. धर्माविषयी कोणावर बळजबरी होऊ नये हे आम्हासही मान्य आहे. परंतु नेलेल्या मुलींपैकी पुष्कळ जणींस पुन्हा त्याच अंधाऱ्या स्वयंपाकघरात जावे लागले असेल, याचेही वाईट वाटते.

येथपर्यंत रमाबाईंचे काम मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते, आणि त्याचे साधन पुस्तक हे होते. आता त्यांच्या कार्यास नवे वळण लागले. अमेरिकेतील मदतीची दहा वर्षे १८९८ साली भरावयाची होती. त्यानंतर काय? दात्यांच्या मनीऑर्डरीची वाट पाहत बसावे, हे त्यांस पटेना. आपल्या पित्याने जमीन घालविली व कुटुंब रस्त्यावर आले, हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी मित्रांस लिहिले की, शेती विकत घेऊन तीत फळझाडे लावावी, म्हणजे त्या उत्पन्नावर शाळा आपल्या पायांवर उभी राहील. अशा रीतीने १८९५ च्या सुमारास केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेण्यात आली. तो मुलूख अवर्षणाचा. प्रथम विहिरी खणाव्या लागल्या, मग आंबा, संत्री, लिंबू अशी झाडे लावण्यात आली. पुण्यातील कित्येक शिष्ट लोकांस ही गोष्ट विचित्र वाटली असेल. व्याकरण व पुराणे जाणणारी पंडिता आता विहिरीचे पाणी व कलमांची निगा यांचा विचार करू लागली. आपल्या शेतकरी वाचकांस मात्र तीत विचित्र काही वाटणार नाही. ज्याच्या पायांखाली स्वतःची जमीन नाही, त्याच्या शिक्षणासही आधार नाही, हे त्यांस सांगावे लागत नाही.

झाडे अजून लहान होती तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील हाल ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी कामांवर हजारो बायका खडी फोडीत व माती वाहत होत्या. अनाथगृहांत व कामांच्या छावण्यांत एकट्यादुकट्या मुलींवर मुकादमांची व दलालांची वाईट नजर असे. पोटभर भाकरीच्या बदल्यात त्यांची अब्रू मागितली जाई. हे सर्व रमाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि वर्तमानपत्रांस लिहून निर्भयपणे जगापुढे मांडले. वीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः रानातील पाला खाल्ला होता, म्हणून त्यांस या मुलींपासून तोंड फिरविता येईना. त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया बरोबर आणल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, म्हणून त्यांस केडगावच्या शेतावर ठेविले. पुढे १८९९-१९०० साली त्याहून भयंकर असा छपन्नाचा दुष्काळ पडला, ज्याची झळ आपल्या मराठवाड्यासही लागली. गुजरात, राजपुताना आदी ठिकाणांहून आणखी शेकडो स्त्रिया आल्या, आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

या स्त्रिया शारदा सदनातील विधवांसारख्या नव्हत्या. त्यांत नाना जातींच्या व नाना भाषा बोलणाऱ्या बायका होत्या, आणि शेतकरी व मजूर कुटुंबांतील पुष्कळ होत्या. ज्या रमाबाईंनी उच्चवर्णीय स्त्रीविषयी ग्रंथ लिहिला, त्यांस परमेश्वराने दुष्काळाच्या मार्गाने खेड्यातील स्त्रीकडे आणिले, असे आम्हास वाटते. एकाच पंगतीस सर्व बसत व एकाच विहिरीचे पाणी पीत. कितीक जणी आल्या तेव्हाच हाडांचे सापळे झाल्या होत्या, त्या औषधपाणी होऊनही वाचल्या नाहीत. हे दुःख रमाबाईंनी लपविले नाही.

ज्या वाचल्या, त्यांस सदावर्तावर ठेवावयाचे नाही, असा त्यांचा नियम होता. प्रत्येकीस अर्धा दिवस शाळा व अर्धा दिवस काम, अशा धोरणाने सर्व व्यवस्था केलेली असे. शेतावर निंदणी, भाजीपाला, बागेस पाणी, गाईम्हशींचे दूध ही कामे असत. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दळण, धुलाई, असे अनेक उद्योग चालत. छापखान्यात खिळे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सर्व काम बायकाच करीत. अंध स्त्रियांसाठी निराळे सदन होते. त्या बोटांनी वाचावयास शिकत आणि टोपल्या विणीत. फसविलेल्या व टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. ज्या घरात ब्राह्मणाच्या मुलांस मजुरीची लाज वाटून माणसे उपाशी मेली, त्याच घरातील मुलीने हे गाव उभे केले, आणि तेथे विधवेच्या हातास काम हीच तिची प्रतिष्ठा ठरविली. हा पालट लहान नव्हे.

दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. शिस्त कडक होती व राहणी साधी होती. दुष्काळात आणलेल्या मुलींस ख्रिस्ती शिक्षण द्यावे की नाही, यावर पुष्कळांनी टीका केली. आणखी एक गोष्टही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. केडगावच्या जमिनीने हजारो स्त्रियांस पोसले, काम दिले, निवारा दिला. परंतु ती जमीन संस्थेच्या कामासाठी होती, त्या स्त्रियांच्या स्वतःच्या नावे नव्हती. त्या काळी कायदा व लोकमत पाहता याहून अधिक होणे कठीण होते. दुष्काळातून उचललेली मुलगी शेत पिकवू शकते, हिशेब ठेवू शकते, पुस्तक छापू शकते, एवढे रमाबाईंनी सिद्ध केले. शेताच्या कागदावर तिचे नाव लिहिणे हे काम त्यांनी आपणासाठी मागे ठेविले.

मनोरमाबाई मोठ्या होऊन आईचा उजवा हात झाल्या. त्यांच्या हातून गुलबर्गा येथे मुलींची शाळा निघाली. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि आपला बीड जिल्हाही १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता. म्हणून या शाळेचे आम्हास विशेष वाटते. १९१९ साली सरकारने रमाबाईंस कैसर-इ-हिंद पदक दिले. तोपर्यंत त्यांस ऐकू येईनासे झाले होते. तरी रात्रंदिवस त्यांचे एक काम चालूच होते. खेड्यातील अल्पशिक्षित बाईस समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर त्यांस करावयाचे होते. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून घेतल्या. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. एकुलत्या कन्येचा वियोग सोसून आईने काम पुरे करीत आणिले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. संपूर्ण पुस्तक १९२४ साली बाहेर आले. त्याचे खिळे मुक्तीतील स्त्रियांनी जुळविले होते.

त्या पुस्तकात गणना नावाचा भाग आहे. त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच कन्यांची हकीकत आपण ऐकलीच असेल. त्यांचा बाप अरण्यात मेला व त्यास मुलगा नव्हता. त्या पाचही बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, याजक व सर्व सरदार यांच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि बापाच्या जमिनीचा वाटा त्यांनी मागितला. मोशेने ते प्रकरण देवापुढे नेले व निकाल त्या मुलींच्या बाजूने लागला. ज्यांस कोणीही वाटा दिला नव्हता, अशा स्त्रियांनी ही कथा केडगावच्या छापखान्यात एकेक अक्षर वेचून जुळविली. आपणही ती पुष्कळदा वाचतो. आता प्रश्न एवढाच की, आपल्या घरी ती खरी होते काय?

कायदा आज अडथळा नाही. ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता मनुष्य मेला व मागे पत्नी व मुले असली, तर मिळकतीचा तिसरा हिस्सा पत्नीचा, आणि उरलेले दोन हिस्से मुलगा व मुलगी यांत सारखे. हिंदू कुटुंबांसाठी १९५६ साली वारसा कायदा झाला; वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणे जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ साली व सर्व देशात २००५ साली मिळाला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मी मुक्ती या नावाची मोहीम काढून शेतकऱ्यांस आपण होऊन पत्नीच्या नावे जमीन लावण्यास सांगितले, व अनेकांनी ती लाविली. अडथळा राहिला आहे तो आपल्या चालीरीतीत. बाप मेला म्हणजे बहिणीस साडीचोळी देऊन तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात. माहेर तुटेल या भयाने ती सही करते, आणि आपण त्यास तिचे मोठे मन म्हणतो. तिला न विचारता, न समजाविता घेतलेली सही हे दान नव्हे.

बिननावाच्या श्रमाचा परिणाम काय होतो, तेही आपल्याच जिल्ह्यात दिसून आले आहे. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आजारपणाचा एक दिवस गेला की खाडा धरून पैसे कापले जातात आणि उचल फिटत नाही, अशा धास्तीत दिवस काढणारी बाई दुखणे अंगावर काढते, आणि शेवटी शस्त्रक्रियेस तयार होते. हे ऐकून मध्य प्रांतातील खडी फोडणाऱ्या त्या मुली आठवल्यावाचून राहत नाहीत.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. मंडळीतील एखादा बांधव वारला, तर सांत्वनाची प्रार्थना करून लागलीच उठू नये. पुढे काही दिवसांनी त्या घरी पुन्हा जावे, तलाठ्याकडे वारस नोंद झाली किंवा नाही ते विचारावे, आणि तीत विधवेचे व मुलींचे नाव आले आहे किंवा नाही ते स्वतः वाचून पाहावे. ज्या बांधवांची जमीन स्वतःच्या नावे आहे, त्यांनी हयातीतच पत्नीचे नाव तीत लावण्याचा विचार करावा. जी कुटुंबे ऊसतोडीस जातात, त्यांत पत्नीचीही कामगार म्हणून नोंदणी व्हावी, ओळखपत्र तिच्याही नावे असावे, आणि उचल किती घेतली व किती फिटली हा हिशेब तिला सांगितला जावा. ज्या बहिणींस वाचता येत नाही, त्यांस पुढच्या पावसाळ्यात माणसे गावी असता निदान आपले नाव लिहावयास व सातबारा वाचावयास शिकवावे. एवढे काम कोणत्याही लहान मंडळीस करता येण्याजोगे आहे. त्यास पैसा लागत नाही.

हंगाम संपला म्हणजे आपली माणसे परत येतील. येताना ज्यांची गाडी केडगावावरून जाईल, त्यांनी मुलांस ती जागा दाखवावी. एका भुकेल्या घरातील मुलीने तेथे जमीन घेतली, विहिरी खणल्या, आणि ज्यांस कोणी घरात घेत नव्हते त्यांस त्या जमिनीवर काम व भाकरी दिली, एवढे त्यांस सांगावे. नंतर घरी येऊन आपला सातबारा काढून पाहावा, आणि त्यावर कोणकोणाची नावे आहेत ते पत्नीस वाचून दाखवावे.